बैठकीतला पुदिना

आमच्या शनिवारच्या बैठकीचं काही सांगायला घेतलं की माझी पंचाईत होते. पुदिन्याची एक काडी उपटायला जावं आणि हातभर मुळं वर यावीत, तसा एका किस्स्याला धरून दुसरा निघतो. त्यात शेंडे गावभर हेच किस्से आपल्या परीनं सांगत फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक किस्स्यात हुशार माणूस एकच असतो, तो म्हणजे शेंडे! म्हणून म्हटलं, खरं काय ते एकदा आपणच सांगून टाकावं.

मी मेश्राम. लाखनीच्या एका शाळेत सव्वीस वर्षांपासून प्रयोगशाळा सहायक आहे. बैठकीत आम्ही तिघं. पुरुभाऊ गभणेचं हायवेवर कृषी केंद्र आहे, खत आणि फवारणीची औषधं विकतो. बैठक त्याच्याच वाडीत, विहिरीजवळ, आंब्याखाली. शेंडे तलाठी. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपारी चारला आम्ही हजर आणि दिवस मावळायच्या आत घरी. वीस वर्षांत तिघांच्याही घरी लग्नं, बारशी, आजारपणं होऊन गेली, पण शनिवार चुकला नाही.

* * *

सुरुवात भंडाऱ्याच्या डॉक्टरांपासून झाली. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा रिपोर्ट पाहिला. म्हणाले, लिव्हर फार थकलंय, आता दारूचा एक थेंबही चालणार नाही.

मी पडलो लॅबचा माणूस, जन्म थेंब मोजण्यात गेलेला. तोंडातून निघून गेलं, "साहेब, थेंब म्हणजे किती एमएल?"

डॉक्टरांनी फाइल बंद केली आणि शकुनच्या हातात दिली. शकुन माझी बायको. त्यानंतर डॉक्टर जे काही बोलले ते तिच्याशीच बोलले. मी बाजूला बसून भिंतीवरचं पोटाचं चित्र पाहत होतो.

तसं मी याआधी चारदा दारू सोडली होती. चारही वेळा पद्धत एकच. बैठक बंद करायची, शनिवारी घरात बसायचं, टीव्हीपुढे तोंड पाडून. पंधरा दिवस निघायचे आणि मग एखाद्या दुकानामागं उभ्याउभ्या एकट्यानंच पिऊन यायचो. यावेळी मी ठरवलं की दारू सोडायची, पण बैठक सोडायची नाही. त्याच खाटेवर, त्याच दोघांत बसायचं, हातात ग्लाससुद्धा ठेवायचा. ग्लासात काय असेल ते मात्र मी ठरवीन.

शकुनला हे सांगितलं तर तिनं भाजी चिरायची थांबवली. म्हणाली, "मांजरीनं दुधापाशी बसाचं अन् मिशा कोरड्या ठेवाच्या, असं म्हनता का तुमी?"

मला राग आला. रात्री जेवायला बसलो. आमची प्रणाली वाढत होती. तिचं अड्याळच्या मुलाशी जमत आलं होतं, उन्हाळ्यात लग्न करायचं असं चाललं होतं. दहावीपासून या पोरीनं शनिवारी एकही मैत्रीण घरी आणली नव्हती, आणि का आणली नव्हती ते मला चांगलं माहीत होतं. तिनं पोळी माझ्या ताटात ठेवली आणि खाली बघतच म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात तुमी शुद्धीत पाह्यजे. बाकी मले काई नको."

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा. त्या दिवसापासून मी मोजायला लागलो.

* * *

आता ग्लासात काय घालायचं, हा प्रश्न. पहिल्या शनिवारी लिंबूपाणी नेलं. दुसऱ्या घोटाला कंटाळा आला. पुढच्या शनिवारी कोल्ड्रिंक नेलं, ते तीन ग्लास प्यायलो आणि गोडानं मळमळलं. पिणाऱ्याच्या जिभेला गोड नको असतं, तिला धक्का पाहिजे असतो. हे ज्याला माहीत नाही तो 'सरबत घ्या की' म्हणून सल्ले देतो.

मग मी मनावर घेतलं. नागपूरच्या दुकानातून बीकर, मेजरिंग सिलिंडर, ब्युरेट, फिल्टर पेपर, सगळं नवं विकत आणलं. शाळेचं नाही, शपथेवर सांगतो. बाजारातून पुदिन्याच्या दोन जुड्या आणल्या, वाडीत स्टोव्ह पेटवला आणि पुदिना वीस मिनिटं खळखळ उकळला. लॅबमध्ये अर्क असाच काढतात. फिल्टर पेपरमधून गाळायला अर्धा तास लागला. पुरुभाऊ दोनदा म्हणाला की राहू दे, मी ऐकलं नाही.

शेंडेनं बीकर उजेडाकडे धरून पाहिलं. आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. शेंडे म्हणाला, "सर, हे त बांधीतलं पानी हाये. गाळताना बेडूक निंघाला का?"

चवही तशीच होती. गवत चावल्यासारखी.

घरी शकुनला सांगितलं तर ती हसली. महिनाभरात पहिल्यांदा हसली, म्हणून मला वाईटही वाटलं नाही. मग तिनंच शिकवलं. पुदिना उकळत नाहीत. पानं तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हातानं एक चापट मारायची आणि वास सुटला की ग्लासात टाकायची. उकळायचा असतो तो गवती चहा. आलं ठेचायचं. ओव्याचं एखादं पान हातानं तोडून टाकायचं, त्यानं घशाला तिखटपणा येतो.

पुढच्या शनिवारी माझं प्रमाण जमलं. गवती चहाचं गार केलेलं पाणी साठ एमएल, आल्याचा रस पाच, लिंबू पंधरा, चिमूटभर काळं मीठ, ओव्याचं एक पान, चापट मारलेली पुदिन्याची दहा पानं आणि वरून थंडगार सोडा. लिंबाचा रस ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचा, रीडिंग घेत. माझं रीडिंग होईपर्यंत शेंडेचा दुसरा पेग संपलेला असायचा आणि तो मला टोमणे मारत बसायचा. पण त्या दिवशी घसा असा झणझणला की मी स्वतःच दचकलो. तीन ग्लास प्यायलो आणि चालत घरी गेलो. शकुन दारात उभी होती. तिनं माझी चाल पाहिली आणि आत निघून गेली.

* * *

लाखनीच्या आठवडी बाजारात एक म्हातारी बाई बसते, पालेभाज्या घेऊन. गवती चहा तिच्याकडेच मिळतो. मी दर आठवड्याला चार जुड्या घ्यायचो, वर आलं. पहिल्या खेपेला तिनं विचारलं, कोणाले खोकला झाला? आता सगळं रामायण तिला कुठं सांगायचं, म्हणून मी 'हो' म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या आठवड्यात तिनं चिमूटभर हळद घालायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तुळशीची एक जुडी फुकट दिली. दीड महिन्यानंतर ती फार काळजीनं माझ्याकडे बघायला लागली. एवढा गवती चहा पिऊनही खोकला जात नाही म्हणजे साधं दुखणं नाही, असं तिनं ठरवून टाकलं असावं. दिवाळीच्या सुमारास तिनं जुडी हातात देताना आवाज खाली आणून विचारलं, "दादा, पेशंट हाये ना अजून?"

मी म्हटलं, "हाये मावशी. सुधरून राह्यला."

* * *

बाजारातला पुदिना दोन दिवसांत काळा पडतो. म्हणून मी वाडीत विहिरीच्या पाटाकाठी काड्या लावल्या. ओलावा मिळाला आणि तीन आठवड्यांत हातभर वाफा हिरवागार झाला. ओव्याचं रोपटं लावलं, तुळस होतीच, गवती चहाचं एक बेटही आणून लावलं. शनिवारी वाडीत गेलो की मी आधी वाफ्यापाशी जायचो, मग या दोघांना रामराम करायचो. शेंडेला त्याचाही राग.

एका शनिवारी बघतो तर पानांवर पांढरट डाग. पुरुभाऊला विचारलं. तो छाती पुढे काढून म्हणाला की अळी पडली होती, तुझ्यासाठी खास भारी औषध आणून मारलं, पैसे पण नाही घेणार.

माझं डोकंच फिरलं! ज्याच्या लिव्हरसाठी हा सगळा उपद्व्याप चाललाय त्याच्या पुदिन्यावर कीटकनाशक! मी त्याला नाही नाही ते बोललो. तोही चिडला. तालुका माझं औषध नेते, तुझाच पुदिना काय सोन्याचा हाये का, म्हणाला. मी सगळा वाफा मुळापर्यंत कापून फेकला आणि नवीन फुटवा येईपर्यंत एकही पान तोडलं नाही. महिनाभर बाजारातलाच पुदिना वापरला, आणि पुरुभाऊशी दोन शनिवार बोललो नाही. एकाच खाटेवर बसून आम्ही शेंडेमार्फत बोलत होतो.

मग एकदा शाळेला मधल्या वारी सुट्टी होती म्हणून सहज वाडीकडे गेलो. पुरुभाऊ वाफ्यापाशी उकिडवा बसला होता, चष्मा नाकावर ओढून. सगळ्या तालुक्याला औषध विकणारा हा माणूस एकेक पान उलटं करून अळ्या वेचत होता आणि डालड्याच्या डब्यात टाकत होता. मला पाहून डबा मागं लपवला.

म्हणाला, "दुकानात कोनाले सांगू नोको."

* * *

पिणं सोडणाऱ्याचा खरा दुश्मन बाटली नाही, चखना आहे. हे मी अनुभवानं सांगतो. खारे शेंगदाणे तोंडात गेले की घसा दारूच मागतो, वीस वर्षांची त्याला सवय. समोर प्लेट असायची आणि मी मांडीखाली हात दाबून बसायचो. तेव्हा चखनाही बदलला पाहिजे, असं माझ्या ध्यानात आलं.

आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि शकुनच्या हातची सांबारवडी म्हणजे काय सांगावं! बेसनाच्या पातळ पारीत ताजा सांबार, खोबरं, खसखस गच्च भरून तळलेली. मी तिला म्हटलं, शनिवारी डबाभर करून दे. ती म्हणाली, पिणाऱ्यांसाठी मी कढई ठेवणार नाही. मी म्हटलं, मी पीत नाही. ते मी कुठं पाहिलं, म्हणाली. बरोबरच होतं तिचं. चारदा मी तिला खोटं सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी साडेचारच्या सुमारास वाडीच्या फाटकापाशी स्कूटी थांबली. प्रणाली चालवत होती, मागं शकुन, मांडीवर डबा. वीस वर्षांत त्या बैठकीत बाई आली नव्हती. पुरुभाऊनं आपला ग्लास बादलीत टाकला. शेंडेनं खाटेखाली सरकवला. मी ग्लास हातात धरून तसाच बसलो, कारण माझ्याजवळ लपवण्यासारखं काही नव्हतं.

शकुन सरळ माझ्यापुढं आली. हातातून ग्लास घेतला. वास घेतला. पुदिन्याची पानं बोटानं बाजूला केली आणि अख्खा ग्लास उभ्यानं पिऊन टाकला. प्रणाली फाटकातूनच बघत होती.

शकुननं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोडा उतरला याच्यातला. ताजा फोडा."

मग डबा उघडून खाटेवर ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "शेंडेभाऊ, खाटेखालचा तुमचा ग्लास लवंडला, पाहा."

तेव्हापासून दर शनिवारी डबा येतो. कधी सांबारवडी, कधी ओव्याच्या पानांची भजी, कधी तळलेल्या कढीपत्त्यात घोळलेले मखाणे. शेंडे म्हणतो की या डब्यापायी माझं पोट भरते अन् क्वार्टर अर्धी उरते, वहिनीनं माझं फार नुकसान केलं. डबा मात्र आधी तोच उघडतो.

* * *

शाळा सुटल्यावर लॅब आवरून थेट वाडीत जायचं म्हणून मी गवती चहाचा काढा घरून बाटलीत भरून न्यायचो आणि लॅबच्या कपाटात ठेवायचो. आता माझ्या घरात घट्ट बुचाच्या बाटल्या कोणत्या असणार? जी कमाई होती तीच! गरम पाण्यानं धुतल्या, कंपनीचं लेबल खरवडून काढलं आणि माझ्या सवयीप्रमाणं चिठ्ठी चिकटवली: 'गवती चहा, तीव्र'.

एका शनिवारी मुख्याध्यापक लॅब बघायला आले आणि त्यांनी नेमकं तेच कपाट उघडलं. बाटलीचा आकार कोणालाही ओळखू येईल असा. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. एवढंच म्हणाले, "मेश्राम, आता शाळेत सुद्धा?"

मी म्हटलं, वास घेऊन पाहा. ते म्हणाले, वास लपवायलाच पाला टाकला असेल. माझी कानशिलं तापली. वाटलं, बाटली आपटावी आणि निघून जावं. पण बारा जण माझ्याकडे बघत होते आणि त्यातल्या एकालाही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर सोमवारी सकाळी लाल डोळ्यांनी आलो, ते आणखी काय समजणार? रागावणार तरी कोणावर?

मी ग्लास आणला, ओतला आणि प्यायलो. दुसरा ओतून पुढं केला. सर हात लावेनात. शेवटी विज्ञानाच्या बाई उठल्या, त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, छान आहे, घशाला बरं वाटतंय. मग हिंदीच्या सरांनी घेतला. मग बाटली संपली आणि मुख्याध्यापकांच्या वाट्याला तळाचं दोन बोटं उरलं. ते त्यांनी सावकाश प्यायलं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं माफी मागतात की काय. म्हणाले, "तुम्ही शनिवारी बसता ते नेमकं कुठं?"

* * *

आता पुढचा किस्सा. फेब्रुवारीत शेंडे रिटायर झाला. वाडीत दुपारचं जेवण ठेवलं, पंचवीस-तीस माणसं. माझ्या ड्रिंकची एव्हाना ख्याती झाली होती, म्हणून मी टेबल लावून बसलो होतो. शेंडेचा एक साडभाऊ, म्हणजे साडू, भंडाऱ्याहून आलेला. तो येऊन जाऊन माझ्यापाशी थांबायचा, आणि पेणारा माणूस पाला खाऊन किती दिवस राहाते, असं विचारून हसायचा. मी लक्ष दिलं नाही.

लिंबं आणायला आत गेलो, परत आलो, ग्लास उचलला, एक घोट घेतला.

जिभेला आधी कळलं, मला नंतर. पुदिना होता, आलं होतं, आणि त्यांच्या आडून ती होती. सहा महिन्यांनी. खोटं कशाला सांगू, गिळावीशी वाटली. एक घोटच तर आहे, मी कुठं मागितली, मी कुठं ओतली, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. मग मी खाली वाकून थुंकलो. विहिरीवर गेलो, बादली ओढली, चूळ भरली, पुन्हा भरली, किती भरल्या कोण जाणे. मागं साडभाऊ हसत होता, सर्वांना सांगत होता की अरे गंमत केली, एका घोटानं काय होते.

शेंडे, जो सहा महिने माझी टर उडवत होता तो शेंडे, केक कापायच्या तयारीत उभा होता. गळ्यात हार. त्यानं सुरी खाली ठेवली, साडभाऊपाशी गेला आणि म्हणाला, "साडभाऊ, गाडी काढा."

साडभाऊला वाटलं हाही गंमतच करतोय. शेंडेनं तेच तीन शब्द पुन्हा म्हटले, पहिल्याहून हळू. त्या माणसाला जेवणाआधी परत जावं लागलं. बहिणीच्या नवऱ्याचा अपमान केला म्हणून शेंडेची बायको त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही.

मी नवा ग्लास भरायला घेतला, पण ब्युरेट माझ्याच्यानं धरवेना. पुरुभाऊनं धरली. त्याला रीडिंग कळत नाही, लिंबू चौपट पडलं. मी ते तसंच प्यायलो. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या शकुनला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "थुकलं ना?" मी हो म्हटलं. मग तिनं चहा ठेवला.

* * *

मे महिन्यात प्रणालीचं लग्न लागलं. केटरर वेलकम ड्रिंकचा नमुना घेऊन आला. निळं! फिनाइलच्या बाटलीत असतं तसं निळं. मी त्याला सांगितलं की जेवण तुमचं, वेलकम ड्रिंक माझं. चारशे माणसांचं आहे सर, तो म्हणाला. मी म्हटलं, गुणाकार येते मले.

आदल्या दिवशी गवती चहाचे दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, उकळून गार करून ठेवले. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पुरुभाऊ, शेंडे आणि मी हॉलच्या मागच्या पडवीत पुदिन्याला चापटा मारत बसलो. वाडीतला वाफा भादरून आणला होता. शेंडेनं सुरुवातीला बडबड केली, नंतर तीही थांबली. नऊ वाजेपर्यंत तिघांचे तळहात हिरवे झाले होते, धुतले तरी जाईनात.

अड्याळची वरात आली. नवरीचा बाप लॅबमध्ये काम करतो आणि पूर्वी बैठकीचा नावाजलेला होता, एवढी बातमी तिकडे पोहोचलेली. त्यात ड्रिंक हिरवं, घशाला झणझणणारं. वरातीतल्या चारपाच पोरांनी आपसात ठरवून टाकलं की यात काहीतरी आहे. टेबलापाशी ते हलेचनात. सहा-सात ग्लास रिचवले आणि डीजेपुढं जाऊन शर्ट फिरवून जे नाचले, जे नाचले! एक तर रडायलाही लागला. त्यातला एक घामाघूम होऊन परत आला, माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "मामाजी, खरं सांगा, कितव्या ग्लासाले चढते हे?"

मी म्हटलं, "मले नऊ महिने झाले बेटा. अजून वाट पाहून राह्यलो."

मग लग्न लागायची वेळ झाली. डीजे बंद झाला. प्रणाली आणि जावई पांढऱ्या कपड्यांत बुद्धमूर्तीपुढं उभे राहिले, त्यांच्या मागं आम्ही दोन्हीकडचे आईबाप, आणि मागं सगळा हॉल हात जोडून उभा. आमच्याकडे कोणतंही कार्य असो, आधी पंचशील घेतात. बौद्धाचार्य एकेक शील म्हणतात, मागून सगळे म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असं करत पाचवं येतं, ते दारू न पिण्याचं. वीस वर्षं मी चार शीलं म्हणत आलो आणि पाचव्याला तोंड मिटून घेत आलो. पितो ते पितो, निदान बुद्धापुढं उभं राहून खोटं बोलू नये, एवढी लाज होती. बारशात, जयंतीला, लोकांच्या लग्नांत, सगळीकडे मी पाचव्याला गप्प. शेजारी उभ्या असलेल्या शकुनला ते माहीत होतं. प्रणालीलाही माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

पाचवं आलं. बौद्धाचार्यांनी म्हटलं. सगळ्या हॉलनं म्हटलं. मीही म्हणायला तोंड उघडलं, पण ओठ हलले आणि आवाज आत राहिला. बौद्धाचार्य पुढचं म्हणणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की नवरीनं म्हटलेलंच नाही. ते थांबले. जावई बावरून इकडेतिकडे पाहायला लागले. प्रणाली हात जोडलेले तसेच ठेवून मागं वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

म्हणाली, "बाबा, मले ऐकू नाही आलं."

चारशे माणसं उभी होती. मी घसा खाकरला आणि पाचवं शील म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकट्यानं, बाहेर ड्रिंकच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मग प्रणाली पुढं वळली, आणि माझ्यामागून तिनं ते म्हटलं.